कोंबड्यांची नोंद

माझ्या दारावर पाटी नाही.
होती पहिल्या वर्षी, लाकडाची, सुबक,
पण एकसष्ट मुलांच्या शाळेत
कोण कुठल्या दाराआड गेलं
हे मधल्या सुट्टीआधीच सगळ्यांच्या तोंडी होतं.
एका शनिवारी मीच ती स्क्रूड्रायव्हरने काढली.

आता ही नुसती खोली.
आधी इथे हॉकीच्या काठ्या असत;
हीटर तापला की अजूनही
रबराचा, जुन्या घामाचा वास सुटतो.
भिंतीपलीकडे ट्रोम्बोन शिकणारा मुलगा
रोज त्याच ओळीत चुकतो, तिथेच चुकतो.
मुलं माझ्याकडे फाटकी पुस्तकं चिकटवायला येतात.
बोटं डिंकाने बरबटली
की वर बघावं लागत नाही.
मग बोलणं सुचतं.

जूनमध्ये ह्युऑन नदीवरचं धुकं
दहा वाजले तरी जागचं हलत नाही.
त्याच महिन्यात माझ्या लक्षात आलं,
शाळेच्या कोंबड्या जाड झाल्यात.
दाणा मीच मोजून घालते.
समुपदेशक, ग्रंथपाल आणि बुधवारी बसची ड्रायव्हर
अशी जी बाई असते,
कोंबड्याही तिच्याच गळ्यात पडतात.
दाणा तेवढाच. अंडी तेवढीच.
तांबडी मात्र चालताना डुलायला लागलेली.

साडेबाराला सफरचंदांच्या पेट्यांमागे
उभी राहिले, चोरासारखी.
ब्रायोनी आली, कुंपणाशी बसली.
डबा उघडला, सँडविचचे तुकडे केले,
बाळाला भरवताना करतात तेवढे लहान,
आणि पाचही जणींना वाटले.
वाटणीत कुणावर अन्याय नाही.
मग डबा रुमालाने आतून पुसला.

तो डबा भरणारी मॉर्विन
शाळेच्या ऑफिसात बसते.
रोज अकराला आम्ही एकाच किटलीतला चहा पितो.
“डबा चाटूनपुसून येतो गं हल्ली,”
त्याच आठवड्यात म्हणाली होती,
“बाप मेलबर्नला गेला, त्यातून सावरली पोर.”
मी बिस्किट बुडवलं.
ते तुटून तळाला गेलं.

ब्रायोनीला मी डिंक दिला
आणि पाठ मोडलेलं एक नकाशांचं पुस्तक.
तीन मंगळवार ती गप्प.
चौथ्या मंगळवारी, आफ्रिका चिकटवता चिकटवता:
“आईला सांगणार?”
अशा वेळी बोलायचं एक वाक्य मला पाठ आहे,
काय गुप्त राहील, काय राहू शकत नाही.
ते मी गिळलं. म्हटलं,
“हो. सांगावं लागेल.
पण तू आधी सांगितलंस,
तर मी फक्त दारात उभी राहीन.”
“पहाटे पाचला उठून करते ती,” ब्रायोनी म्हणाली,
“आणि माझ्या घशाशीच कुणीतरी बसलंय.”
पलीकडे ट्रोम्बोन चुकला.

शुक्रवारी मी दारात उभी राहिले.
आत टेलिफोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही.
गुडघा फोडून घेतलेला एक पोरगा आला.
म्हटलं, नंतर ये.
म्हणाला, “रक्त येतंय.”
म्हटलं, मग इथेच थांब, माझा हात धर.

त्यानंतर नऊ दिवस मॉर्विनने
स्वतःचा थर्मास आणला.
“तुला आधी दिसलं,” एवढंच म्हणाली,
आणि हजेरीचे कागद सारखे करत राहिली.
दहाव्या दिवशी किटली तिनेच चढवली.

सत्र संपताना फॉर्म येतो:
विद्यार्थ्यांचं मानसिक स्वास्थ्य, एक ते पाच.
मी लिहिलं, कोंबड्या थोड्या उतरल्या.
मुख्याध्यापकांनी विचारलं, तुम्ही बऱ्या आहात ना?
हा प्रश्न मला या शाळेत
कुणीतरी पहिल्यांदाच विचारला.

तांबडी अजून साडेबाराला कुंपणाशी येऊन थांबते.
बहुतेकदा तिला नुसत्या कडा मिळतात.
एखाद्या दिवशी अख्खं सँडविच.
त्या दिवशी मी डिंकाची बाटली
टेबलावर काढून ठेवते.